हिऱ्यावरची वाफ

बडोद्यात, आमच्या पाणीगेटच्या घरात बेसिनवर एक आरसा आहे. मी त्याच्यासमोर फार वेळ उभी राहत नाही. का, ते सांगते. वेड लागलंय म्हणायचं तर खुशाल म्हणा. पंचेचाळीस वर्षं झाली, मी आरशासमोर गेले की काचेवर वाफ धरते. रुपयाएवढी. माझ्या तोंडासमोर नाही, चार बोटं वर. श्वास रोखून पाहिलाय मी. तरी धरते, आणि सावकाश जाते. माझी थोरली बहीण अहल्या माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती.

मी विजयमाला. शाळेत पी.टी. शिकवायचे, आता रिटायर. लग्न केलं नाही, कारण विचारू नका. भाऊ फत्तेसिंहराव, माझा दादा, आणि त्याची मुलगी वैष्णवी यांच्यात राहते. वैष्णवीचं लग्न ठरलंय, जवळच्या बाजव्याला नोकरी करणाऱ्या यशराजशी. आमच्या घरात साखरपुड्याला जावयाच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालायची पद्धत. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते ना, म्हणून! फौज गेली, राज्य गेलं, पद्धत काही जाईना. रावपुऱ्यातल्या सोनाराने खाणीतल्या हिऱ्याची किंमत सांगितली, तेव्हा दादा घरी येऊन नुसता पाणी पीत बसला.

वैष्णवी त्याच्यासारखी नाही. "पप्पा, लॅबमध्ये केलेला हिरा घेऊ. तोही हिराच असतो, आणि कितीतरी स्वस्त. सोनं तरी विकत कशाला? डब्यात आजोबांची ती काचेची अंगठी पडलीये ना? काच काढून त्यात हिरा बसवू."

मी चहा तसाच टाकून उठले.

ती अंगठी पणजोबांना सरकारातून मिळालेली. अहल्याच्या साखरपुड्याला आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बळवंतरावांनी, ती तबकात काढून ठेवली होती. मी पंधरा वर्षांची. सकाळपासून जो तो अहल्याचं कौतुक करत होता. तिच्या अंगावर शालू, माझ्या अंगावर तिचाच जुना परकर. खऱ्या हिऱ्यावर तोंडाची वाफ टिकत नाही, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर अंगठी उचलली, तोंडाजवळ धरून वाफ सोडली आणि मोठ्याने म्हणाले, "अगंबाई, हा तर खोटा!" गंमत केली म्हणून सांगत आले मी जन्मभर. गंमत कसली डोंबलाची! मला तिचं कौतुक बघवत नव्हतं. पण वाफ खरंच टिकली होती, हो.

मुलाचे वडील भले माणूस. हसून म्हणाले, "सोनाराला एकदा दाखवून घेऊ, म्हणजे शंका नको." संपलं! आबा ताडकन उठले. "माझ्या घरची अंगठी तपासायला सोनाराकडे जाणार? शंका घेणाऱ्यांच्या घरात मी मुलगी देत नाही." पाहुणे न जेवताच गेले. अंगठी डब्यात गेली, आणि ती तपासायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. अहल्या मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती, चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. औषधाच्या पुड्या ती उशीखाली सारत होती. मी बघितल्या, आणि गप्प बसले. दिवाळी तिने पाहिली नाही.

आणि आता त्याच घरातून स्वस्तातला हिरा जाणार. पुन्हा कोणीतरी "खोटा" म्हणणार, आणि ही पोरही मला अशीच गमवावी लागणार. वैष्णवीला एवढंच माहीत होतं, की आजोबांच्या हट्टापायी लग्न मोडलं. मी काय केलं होतं, ते सांगायची माझी छाती नव्हती.

"आत्या, चल ना, मोडुं थाय छे!" वैष्णवी स्कूटर काढून उभी. आमच्या बडोद्याच्या मुलांना उशीर होत नाही, मोडुंच होतं. मी गुपचूप मागे बसले.

रावपुऱ्यातला तो सोनार म्हाताराच होता. त्याने अंगठी उलटी करून बघितली, कोंदणाची पाठ उघडली, आतला काळा पडलेला वर्ख काढला, दगड धुतला. मग मशीनची सुई टेकवली. मशीन वाजलं. भिंग डोळ्याला लावून त्याने दगड सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला.

"बेन," तो म्हणाला, "आ तो साचो छे. खरा, जुना हिरा आहे, खाणीतला. काच कोण म्हणालं तुम्हाला?"

मी पुटपुटले, "वाफ... वाफ टिकली होती त्याच्यावर."

"टिकणारच ना! पाठ बंद, वर तेलाचा थर. फुंकून हिरा कळत असता, तर मी एवढं महागडं मशीन कशाला घेतलं असतं?"

वैष्णवी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. "आत्या! मग लॅबचा कशाला? हाच देऊ! पप्पा तर नाचतील!"

मी हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. दादाचे पैसे वाचले असते, घराची इभ्रत परत आली असती, मीही सुटले असते. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"आत्या, तू आरशावर श्वास सोडलास का?" वैष्णवी काउंटरवरच्या आरशाकडे बघत होती. रुपयाएवढी वाफ. तिने ओढणीने पुसली. वाफ गेली नाही. तिने पुन्हा जोर लावून पुसली.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला दिसली ती.

मग मात्र मला राहवलं नाही. त्या सोनाराच्या देखत, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. परकर, तबक, वाफ, उशीखालच्या पुड्या. वैष्णवीच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मग तिने फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, वैष्णवी बोलतेय. यशराजच्या अंगठीत लॅबचा हिरा घेतेय, खाणीतला परवडत नाही आम्हाला. तुम्हाला चालेल ना?"

यशराजची आई, निरुपमाबाई, पलीकडून हसल्या. "चालेल काय, पळेल! अगं, माझ्या कानातले कुठं खाणीतले आहेत? जेवलीस का?"

झालं. एक मिनिटही लागलं नाही. एवढंच विचारायचं होतं तेव्हा, एवढंच दाखवून आणायचं होतं, आणि माझी अहल्या आज नातवंडं खेळवत असती. मी काउंटरला धरून रडले. वैष्णवीने पाठीवर हात ठेवला नाही.

लॅबचा हिरा तिने घेतला. यशराजच्या अंगठीच्या सोन्यासाठी मी हातातली बांगडी काढून दिली, ती तिने सोनाराच्या तराजूत ठेवली. जुनी अंगठी सोनाराने पुन्हा बसवून दिली होती. वैष्णवीने ती माझ्या बोटात सारली.

"पप्पांना मी सांगते," ती म्हणाली. "एक लग्न मोडलेली अंगठी यशराजला नको. ही तूच घाल, आत्या. काढायची नाही."

साखरपुडा छान झाला. हिऱ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. बेसिनवरचा आरसा आता सकाळी लख्ख असतो, वाफ नाही, काही नाही. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही म्हणतात. माझ्या बोटातल्यावर रोज धरते, आणि जात नाही.