यादीतलं पाचवं नाव

केशोरावांचा जीव त्या सकाळी एका जागी ठरत नव्हता. अंगणातून परसात, परसातून अंगणात. मधेच सॅक्सोफोनची पेटी उघडायची, फडक्यानं पितळ पुसायचं, पेटी लावायची. चौथ्यांदा पेटी उघडली तेव्हा धुरपताबाईंनी चुलीजवळून नवऱ्याला विचारलं, "कायले येरझारा घालून राहिले? तुमाले पाहाले पाहुणे येऊन राहिले का?"

पाहुणे नव्हते, पण परीक्षा होतीच. तीस वर्षं केशोराव उदाराम मास्तरांच्या बँडपार्टीत वाजवत आले. मग धुमालचं खूळ आलं. गाडीवर स्पीकरची भिंत, कीबोर्ड, ढोल, आणि कानाचे पडदे फाटतील असा दणका. लग्नवाल्यांनी बँडकडे पाठ फिरवली. चार लग्नसराया केशोरावांना कोणी वाजवायला बोलावलं नव्हतं. आणि आता गोंदियाच्या धुमालवाल्या मुन्नानं आपणहून निरोप धाडला होता. दिवाळीनंतरची गावची मंडई, म्हणजे जत्रा, आज होती. मिरवणुकीत गाडीवर उभे राहा, जमलं तर हंगामभर या, असं त्याचं म्हणणं. नाही जमलं तर पेटी कायमची माळ्यावर जाणार, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

त्यात पुतणीनं काल भलतंच काहीतरी कानात घालून ठेवलं होतं.

आचल नागझिऱ्यात गाइड. कुठल्याशा पर्यटकाच्या गाडीत सॅक्सोफोन ऐकला, नाव विचारून घेतलं, आणि तेव्हापासून ती जॅझच्या मागे लागली. जंगलात नेटवर्कची बोंब. म्हणून सुट्टीला साकोलीत उतरली की मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायची आणि काकासाठी दर खेपेला एकच वाजवणारा आणायची. लेकराला तिखटाची सवय लावतात तशी तिनं यादी केली होती. आधी बेन वेब्स्टर. त्याच्या सुराआधी श्वासच ऐकू यायचा. केशोराव डोळे मिटून म्हणाले, "हा मानूस जेवून, पान खाऊन बसला हाय." मग स्टॅन गेट्झ, नुसतं लोणी. मग जॉन कोल्टरेन. त्याच्यानंतर काका दोन दिवस ताटाच्या काठावर बोटं चालवत होते. "याची छाती हाय का लोहाराचा भाता?"

काल आला अल्बर्ट आयलर. "काका, हा कडक हाय," आचलनं आधीच सांगितलं.

केशोरावांनी अर्ध्यातच इअरफोन काढून टाकले. "वाजवून राहिला का बोंबलून राहिला?" उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन पुन्हा कानात घातले. त्या आरडाओरड्याच्या मधोमध चक्क बँड चालला होता, साधा, गल्लीतून जाणारा. आणि सूर कसा, तर सकाळपासून फुंकून ओठ सुजलेली माणसं संध्याकाळी नवरीच्या बिदाईला वाजवतात तसा. थोडा वर, थोडा खाली, कोणाचा कोणाला धरून नाही. नवरीची आई रडायची ती नेमकी त्याच सुराला, आणि उदाराम मास्तर दुसऱ्या दिवशी त्याच सुरासाठी शिव्या घालायचे. या आयलरनं तो लपवला नव्हता.

"फौजेच्या बँडात होता म्हने हा," आचल म्हणाली.

"मले वाटलंच." तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. हे मास्तरांना ऐकवायला हवं होतं, आणि मास्तर आठ दिवसांपूर्वीच गेले होते.

दुपारी मुन्नानं त्यांना चमचमता कोट घातला आणि गाडीवर सगळ्यांच्या पुढं उभं केलं.

"माईक कुठी हाय?" केशोरावांनी विचारलं.

"माईक काय को, काका? सॅक्सोफोन का आवाज कीबोर्ड में है. आप बस पकड़ के उंगलियाँ चलाओ. व्हिडिओ में अच्छा दिखता है."

गाडी निघाली. केशोराव बोटं चालवत राहिले. गर्दीत आचल मोबाइल वर धरून होती. तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटली.

मास्तरांच्या गल्लीशी धुमाल बंद झाला. सुतकाच्या घरासमोरून वाजवत जायचं नाही ही रीत धुमालवालेही पाळतात. गाडी मुकाट्यानं सरकू लागली. दारात मास्तरांची बायको, सुशिलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

केशोरावांनी फुंकलं. आधी नुसता श्वास निघाला, मग फाटका सूर, मग त्यांना थांबवेना. लोक माना वळवून बघू लागले. मुन्नानं बाही ओढली. "काका, मातम का घर है. पागल हो गए क्या?"

ते भानावर आले. कोट काढून मुन्नाच्या हातात दिला, गाडीवरून उतरले आणि दारासमोर जाऊन उभे राहिले. "वहिनी, चुकलं माहं."

"चुकलंच," सुशिलाबाई म्हणाल्या. "मास्तर असते तं शिव्या घातल्या असत्या." भिंतीचा टेका सोडून त्या म्हणाल्या, "आठ दिस झाले, या घरात कोनी मोकळं रडलं नाही. वाजवा, भाऊजी."

गाडी पुढं गेली. केशोरावांनी बिदाईची चाल वाजवली, तशीच, थोडी वर, थोडी खाली. सुशिलाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि मग त्यांचा हुंदका गल्लीभर ऐकू आला.

परतताना पेटी आचलनं घेतली होती.

"पुढच्या खेपेले कोन हाय?" केशोरावांनी विचारलं.

तिनं मोबाइल पुढं केला. चार नावांखाली पाचवं होतं: केशोराव. काकांनी ते वाचलं आणि चालता चालता दोनदा पुन्हा मोबाइल मागून घेतला.

घरी धुरपताबाई दारातच होत्या. "जमलं का?"

"नाही जमलं."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. "मंग ठेवू माळ्यावर?"

"नोको," केशोराव म्हणाले. "मास्तरांच्या तेरवीपर्यंत रोज लागनार हाय."