मार्माइटखालचं तूप

मार्माइट मला आवडत नाही. नुसतं आवडत नाही असं नव्हे, तिटकारा आहे. इंग्लंडात बेसिंगस्टोकला येऊन इतकी वर्षं झाली, इथला पाऊस अंगवळणी पडला, अळणी भाज्या अंगवळणी पडल्या, पण हा काळा चिकट प्रकार काही नाही. पिवळं झाकण फिरवलं की तो खारट, आंबूस वास थेट नाकात शिरतो. बिअर करून झाल्यावर खाली जे यीस्ट उरतं, त्याचं हे करतात म्हणे. इथली माणसं मोठ्या कौतुकाने सांगतात की मार्माइटच्या बाबतीत दोनच पक्ष असतात, जीव टाकणारे आणि नाक मुरडणारे. मी दुसऱ्या पक्षाची आजीव सभासद आहे.

आणि माझी मुलगी मार्माइटवर जगते. बोलायची पद्धत म्हणून नाही सांगत, खरोखर जगते. सहा वर्षांची ईशानी सकाळी, शाळेच्या डब्यात आणि संध्याकाळी एकच गोष्ट खाते. पांढऱ्या ब्रेडचा टोस्ट, त्यावर एका ठरावीक डब्यातलं मार्जरीन, म्हणजे तेलाचं नकली लोणी, त्यावर कडेपर्यंत पातळ पसरलेलं मार्माइट, आणि त्याच्या चार उभ्या पट्ट्या. सोबत संत्र्याचं स्क्वॅश. बस्स.

सुरुवातीला असं नव्हतं. दोन वर्षांची होईपर्यंत वरणभात खायची, माझ्या ताटातली पोळी ओढायची. मग एकेक पदार्थ गळत गेला. केळ्यावर काळा डाग दिसला, केळं गेलं. वरणात जिऱ्याचा दाणा लागला, वरण गेलं. नर्सरीत मिळणारा मार्माइट टोस्ट तेवढा उरला, कारण तो रोज अगदी सारखा लागायचा. आम्ही लालूच दाखवली, गोष्टी सांगितल्या, चिऊ-काऊचे घास झाले. शेवटी क्लिनिकमध्ये हेलन नावाची आहारतज्ज्ञ भेटली. या प्रकाराला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, असं तिने सांगितलं. हा हट्ट नाही, हेही तिनेच सांगितलं. नवीन अन्न समोर आलं की या मुलांना खरोखरची भीती वाटते, म्हणाली. जे एक अन्न तिला सुरक्षित वाटतं ते जपा, त्यात काही लपवू नका, काही बदलू नका, आणि वजन घसरू देऊ नका. मार्माइटमध्ये बी-ट्वेल्व्ह असतं, यात मी समाधान मानायला शिकले.

एप्रिलमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्या वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांनाच बोल लावाल. आल्या आल्या त्यांनी ओट्यावरची बरणी बघितली आणि हरखून म्हणाल्या, 'अगं बाई, इथे काकवी मिळते?' मी थांबवायच्या आत बोटभर चाटलीसुद्धा. त्यानंतर त्यांचा चेहरा असा काही झाला की मी आणि माझा नवरा अवधूत हसता हसता खाली बसलो. ईशानी टाळ्या वाजवत म्हणाली, 'आजी हेट टीममध्ये!' आणि आई, सासूबाईंना मी आईच म्हणते, तोंड धूत म्हणाल्या, 'करपलेल्या आमटीचं बूड आहे हे. आणि एवढ्याशा लेकराला हे देता तुम्ही?'

आईंचा विश्वास देवावर आहे, पण त्याहून जास्त तुपावर आहे. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी इथलं बिनमिठाचं बटर आणायला लावलं आणि ते कढवून असं कणीदार तूप केलं की शेजारच्या मिसेस पार्कर वास कसला म्हणून विचारायला आल्या. कोरडं अन्न अंगी लागत नाही, हे आईंचं ठाम मत. ईशानीचे बारीक हात त्या सारख्या बघायच्या. मांडीवर घेऊन दंडाभोवती बोटांचं कडं करायच्या आणि सोडायच्या. मला ते दिसायचं आणि रागही यायचा.

'आई, तिच्या टोस्टला हात नका लावू हं. तो मीच करते,' मी सांगितलं होतं. सुनेने सासूला सांगावं इतपतच सांगितलं, म्हणजे हसत आणि अर्धवट. भीती, मेंदू, सुरक्षित अन्न हे सगळं मराठीत समजावायला बसले की माझं मलाच ते थोतांड वाटायला लागायचं. त्या 'बरं' म्हणाल्या. लाड पुरवते पोरीचे, असं त्यांना वाटलं असणार.

त्या गुरुवारी सकाळीच ऑफिसचा कॉल आला. आमची सिस्टीम बंद पडली होती आणि मी लॅपटॉपसमोर अडकले. 'तू कर तुझं काम, मी बघते तिचं,' आई दारातून म्हणाल्या. वेणी घालतील असं समजून मी मान डोलावली. आईंनी रोज बघून बघून सगळं पाठ केलं होतं. ब्रेड तोच, टोस्ट तेवढाच भाजलेला, मार्माइट तसंच कडेपर्यंत, पट्ट्याही चार. फक्त ते प्लॅस्टिकसारखं पिवळं मार्जरीन नातीच्या पोटात घालायला त्यांचा हात धजला नाही. त्याऐवजी त्यांनी आपलं तूप लावलं. काळ्या थराखाली ते कुणाला दिसणार होतं!

मी कॉल संपवून बाहेर आले तेव्हा ईशानीने घास तोंडातून काढून बशीच्या कडेला ठेवला होता. रडत नव्हती. बशीकडे बघत म्हणाली, 'हे दुसरा आहे.'

'दुसरा कुठला असणार? तोच आहे की,' आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली गेला. 'जरासं तूप लावलंय गं, ऋजुता.'

शाळेतून डबा तसाच परत आला. संध्याकाळी मी तिच्यासमोर टोस्ट केला, मार्जरीनचा डबा तिला दाखवला, सुरी पुन्हा धुतली. तिने सगळं शांतपणे बघितलं आणि मान हलवली. 'आता मला नाही माहीत आत काय आहे,' म्हणाली.

टोस्टमध्ये काही नाही हे कसं दाखवायचं? मी नवी बरणी उघडली. नवी बशी आणली. अवधूत ऑफिस सोडून दुकानं पालथी घालत फिरला, दाबायच्या बाटलीतलं मार्माइट आणलं, दुसऱ्या कंपनीचं आणलं. इतकी वर्षं त्या वासाला खिडकी उघडणारी मी टोस्टरपाशी उभी राहून देवाला म्हणत होते, हिला परत हे आवडू दे, बाकी काही मागत नाही. शेवटी एक अख्खी पट्टी मी तिच्यासमोर खाल्ली. गिळताना डोळ्यांत पाणी आलं तरी 'यम्मी' म्हणाले.

'मम्मा, प्रिटेंड नको करू,' ईशानी म्हणाली.

शुक्रवारी तिने स्क्वॅशचे चार-पाच घोट घेतले. शनिवारी सोफ्यावरून उठायचा कंटाळा करू लागली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मी विचारलं नव्हतं, तरी कुणीतरी लिहिलंच, भूक लागली की मुलं बरोबर खातात. फोन भिरकावून द्यावासा वाटला. हेलनला आधीच फोन केला होता. तिने मला दोष दिला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ती हळूच 'आय ॲम सो सॉरी' म्हणाली. पुढ्यात ठेवा, आग्रह करू नका, पाणी मात्र पोटात जाऊ द्या, आणि अगदीच मलूल वाटली तर थांबू नका. तोवर काही खाल्लंच नाही तर सोमवारी सकाळी वॉर्डमध्ये घेऊन या. नाकातून नळी घालावी लागेल.

आईंना हे अवधूतने सांगितलं. मला भांडायचं होतं. दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते, एकेक धारदार. पण आई भांडल्याच नाहीत. नळीचं ऐकल्यावर त्या हात पदरात गुंडाळून खाली बसल्या. मग अवधूतला म्हणाल्या, 'तुपाने असं होतं का रे?' त्यांनी खरंच विचारलं होतं. त्या उठल्या, तुपाचं भांडं इथल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं आणि भांडं घासून ठेवलं. माझी सगळी वाक्यं वाया गेली. मला त्यांचा राग येत होता आणि कीव येत होती, दोन्ही एकदम, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

रविवारी संध्याकाळी मी हॉस्पिटलची बॅग भरून दारापाशी ठेवली. पायजमा, टूथब्रश, तिचा कापडी ससा. आईंसाठी मऊ मुगाची खिचडी केली, कारण त्यांनीही शुक्रवारपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. त्या ताटावर बसल्या, घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि परत ठेवला.

'आई, खा ना,' अवधूत म्हणाला.

'नाही रे उतरत घशाखाली.'

'असं कसं नाही उतरत? ट्राय तरी कर. ऋजुताने मुद्दाम तुझ्यासाठी केलीय.' त्याने चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. 'हा एक माझ्यासाठी. बरं, हा ईशानीसाठी.' आईंनी तोंड फिरवलं. त्याचा आवाज चढला. 'पोरीचं काय कमी आहे का, म्हणून आता तू सुरू केलंस? आई, प्लीज, तोंड उघड!'

'बाबा, स्टॉप इट.'

ईशानी सोफ्यावर उठून बसली होती. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. 'आजीचा तोंड बंद झाला आहे. ती मुद्दाम नाही करत.'

अवधूतचा चमचा तसाच हातात राहिला. ईशानी खाली उतरली, टेबलाला धरत धरत आली आणि आजीचं ताट दोन्ही हातांनी लांब सरकवलं, पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. 'वास येतो ना?' तिने विचारलं. आईंनी मान डोलावली. मग ती शेजारच्या खुर्चीवर चढून बसली आणि आजीच्या पाठीवर हात ठेवला. 'इट्स ओके आजी. तुला कोणी फोर्स नाही करणार.'

आईंच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. 'मी तुझा टोस्ट बिघडवला ना गं, बाळा?'

'हो,' ईशानी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

'मग आता तोंड उघडायचं कसं? तूच सांग मला.'

ईशानीने खूप विचार केला. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. आम्ही सगळ्यांनी तिला उत्तरंच दिली होती.

'मला पण नीट नाही माहीत,' ती म्हणाली. 'कधी कधी उघडतो. पण कोणी बघत असला की नाही. आणि कोणी हॅपी होणार असला की पण नाही.'

'हॅपी?'

'मी खाल्ला की मम्मा खूप हॅपी होते. मग मला भीती वाटते. उद्या नाही जमला तर?'

मी तिथेच उभी होते. न रागावायला मी शिकले होते, न रडायला शिकले होते, तिच्या बशीकडे बघताना चेहरा कोरा ठेवायला शिकले होते. निदान मला तसं वाटत होतं. ती बशी संपवायची तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं, ते तिने रोज बघितलं होतं आणि रोज त्याचं ओझं घेऊन शाळेत गेली होती. मी आनंदीसुद्धा व्हायचं नाही, तर मग करायचं तरी काय? हे विचारायलाही मला कुणी नव्हतं.

मी टोस्ट केला. मार्जरीन लावलं, मार्माइट लावलं, चार पट्ट्या कापल्या आणि बशी टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवली. 'खा' म्हणाले नाही. कुणाची आहे, तेही म्हणाले नाही. अवधूतला डोळ्यांनी खूण केली, तो बाहेर बागेत निघून गेला. मी सिंकपाशी जाऊन पाठ फिरवली आणि नळ मोठा सोडला, म्हणजे काही ऐकूही येऊ नये.

घासायला एकच पातेलं होतं. ते घासून झालं तरी मी घासत राहिले. मागे बशी हलल्यासारखी वाटली. आई काहीतरी पुटपुटल्या, ईशानी काहीतरी म्हणाली, पाण्याच्या आवाजात शब्द कळले नाहीत. मला वळून बघायचं होतं. पण चेहऱ्यावर काहीही न येऊ देता वळणं मला जमेल असं वाटेना, म्हणून मी तशीच नळाखाली हात धरून उभी राहिले.