बोट ठेवायला जागा

"जे जुळत नाही, त्याला आधी हात लावायचा. कबूल?"

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी तळघराची किल्ली तिच्या हाती देताना प्रयोगशाळेच्या आधीच्या प्रमुख बाईंनी विचारलं होतं. "कबूल," ती म्हणाली होती. आज ते आठवलं, तेव्हा तिचं बोट कळफलकावर अडलेलं होतं.

पडद्यावर वंशवृक्ष होता. एकाच प्रथिनाचा, निरनिराळ्या प्राण्यांतला. जस्ताचा एकेक अणू पोटाशी धरून ते प्रथिन दुमडतं आणि त्याला बोटं फुटतात. ती डीएनएच्या खाचेत शिरून नेमकी अक्षरं चाचपतात. ही बोटं जबडा असलेल्या प्राण्यांतच पहिल्यांदा आली, असं आताचे प्रमुख असलेल्या सरांचं म्हणणं. सगळे प्राणी निमूट रांगेत होते. आड येत होता तो शेंबड्या.

शेंबड्या म्हणजे तळघरातल्या टाकीतला बिनजबड्याचा मासा. हात लागला की बादलीभर बुळबुळीत चिकटा सोडायचा. वास तर विचारूच नका. आणि त्याच्या प्रथिनात तीन बोटं सापडली होती.

"नमुना घेणाऱ्याच्याच पेशी मिसळल्या असणार," सर मागून म्हणाले. "काढून टाक त्याला."

"पुन्हा नमुना घेतला तर?"

"तू घेणार? मागच्या वेळी जिन्यातच ओकली होतीस." ते हसले. "संध्याकाळी लेख जातोय. पहिलं नाव तुझं आहे. कुणाला बोट ठेवायला जागा नको."

तिने शेंबड्याची ओळ पुसली. वृक्ष लगेच सरळ झाला.

"बघ, कसा गोजिरा दिसतोय!" म्हणत सर चहा आणायला गेले.

ती बघत राहिली. घशाशी आंबट पाणी आलं. खोलीत वास कसलाच नव्हता. तिने साबणाने हात धुतले, बोटं हुंगली, पुन्हा धुतले. मग ओल्या हातांनीच पुसलेली ओळ परत आणली आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

दारात सर भेटले, हातात दोन कप.

"आता कुठे?"

"शेंबड्याकडे. लेख आज जाणार नाही, सर."

जिन्याच्या तोंडाशी तिने कोरे हातमोजे चढवले. तिसऱ्या पायरीवर वास आला. हात आपसूक नाकाकडे निघाला, तो तिने वाटेतच थांबवला. मोजे स्वच्छ राहायला हवे होते. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती एकेक पायरी उतरू लागली.