व्याहीबुवांचा दगड

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा डावा डोळा धुरकटला आहे आणि गळ्याचा पट्टा कितीदा बदलला ते आता आठवत नाही. आठवतात ते सोनोराचे उजाड डोंगर आणि माझा मालक, शिकारी रेमिजियो याची उन्हाने रापलेली मान.

आमच्या वाळवंटात हरणामागे धावणाऱ्याच्या हाती धूळच लागते. कड्यावर बूड टेकायचं आणि समोरची उतरण पुन्हा पुन्हा न्याहाळायची. अख्खं हरीण कधीच दिसत नाही. निवडुंगांच्या उभ्या रेषांत एखादी आडवी रेष दिसते, नाहीतर एखादा कान हलतो. तो कान रेमिजियोला दाखवताना मला कोण आनंद व्हायचा. घरी आल्यावर तो आधी मला सुती फडक्याने पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा.

त्या उतरणीवर एक दगड होता, थेट बसलेल्या हरणासारखा. जागचा हलत नसे आणि मान मात्र सगळ्यांकडून घेई, म्हणून त्याचं नाव पडलं व्याहीबुवा. त्याला हरीण समजून जो बोट दाखवील, त्याने परतताना सगळ्यांचं पाणी वाहायचं, असा नेम होता. रेमिजियोने आपल्या भावांना, अगदी जावयालाही पाणी वाहायला लावलं. "काय जावईबापू, व्याहीबुवा बरे आहेत ना?" असं तो वर विचारायचा. त्याच्यावर मात्र ती पाळी कधी आली नव्हती.

वर्षं सरली. रेमिजियो नीट दिसावं म्हणून माझं चाक फिरवत राही आणि वैतागून म्हणे, "हिच्या काचा गेल्या." माझी उजवी काच अजून लख्ख होती, पण मी कोणाला सांगणार? मी खुंटीवर गेले. माझ्या पिशवीत गांधीलमाशीने मातीचं घर केलं. त्याची मुलगी एलोदिया हिने नवी दुर्बीण आणली.

मग शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. सणासाठी घरात वाळवलेल्या मांसाची एक पट्टीसुद्धा नव्हती. रेमिजियोने हट्टाने मला खुंटीवरून काढलं आणि बापलेक कड्यावर जाऊन बसले.

दुपारी खालच्या ओहोळाकडे पाहताना एलोदियाने एकाएकी श्वास रोखला आणि बंदुकीकडे हात नेला. तेवढ्यात रेमिजियो कुजबुजला, "पोरी, तो बघ. झुडपाच्या डावीकडे बसलाय. मार."

तो व्याहीबुवांकडे बोट दाखवत होता.

एलोदियाने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग नळी वळवली आणि दगडावर गोळी झाडली. टणकन आवाज घुमला. त्यासरशी त्या ओहोळातून मोठ्या शिंगांचं हरीण उसळलं आणि डोंगरापार गेलं.

"चुकले मी, बाबा," ती म्हणाली. "व्याहीबुवांनाच मारलं. पाणी मी वाहते."

गोळी मांसात शिरते तेव्हा कसा आवाज येतो, हे रेमिजियोला ठाऊक होतं. त्याने मला डोळ्यांवरून खाली घेतलं. मला फार वाईट वाटलं.

"मारलंस तू, पण दाखवलं कोणी?" तो म्हणाला. "नेम तो नेम. आण ते कॅन इकडे."

त्याने मला तिच्या गळ्यात घातलं आणि पाणी उचललं. ती पुढे राहून वाटेतले दगड पायाने बाजूला सारत होती.

"बाबा, इथे घसरण आहे."

"माहीत आहे गं. तू जन्मायच्या आधीची आहे ती."

मित्रांनो, आता एलोदिया मला रोज पुसते. तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी वस्तू असेल, तर तिला खुंटीवर कुजवू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस काच खराब झाली म्हणू लागलं, तर काच जरूर पुसून द्या. पण त्याआधी त्याच्या डोळ्यांत बघा.