सावली जांभळी असते

चार वर्षं मुंबईत चित्रकला शिकून मी बीएफए झाले आणि बोईसरला परत आले. बाबांनी बिल्डिंगमध्ये सांगितलं, "उत्कर्षा पेंटर झाली." दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मोनालीवहिनी विचारायला आल्या, हॉलला डिस्टेंपर बरा की ऑइलपेंट. मी म्हटलं, माझा हात निसर्गचित्रात चांगला आहे. त्या म्हणाल्या, मग गॅलरीपासून सुरू कर.

मला बडोद्याला एमएफए करायचं होतं. बाबांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे. हा वाद सुटला तो धर्मेशभाईंमुळे. बाबा एमआयडीसीतल्या ज्या केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत, तिथल्या रंगकामाचा ठेका धर्मेशभाईंचा. कंपनीचं सेफ्टी ऑडिट जवळ आलं होतं आणि त्यात 'पात्रताधारक पेंटर' दाखवायचा होता.

"अख्ख्या एमआयडीसीत डिग्रीवाला पेंटर नाय," धर्मेशभाई आमच्या हॉलमध्ये माझं सर्टिफिकेट उजेडात धरून म्हणाले. "हिच्यावर तर युनिव्हर्सिटीचा शिक्का हाय! उंचीची भीती वाटते?"

"मी भित्तिचित्रं केलीयेत."

"म्हणजे नाय वाटत. ये उद्यापासून."

बाबांनी तिथल्या तिथे आईसमोर शब्द दिला. "ऑडिटपर्यंत नोकरी टिकव, बडोद्याला धाडतो. त्याच्या आत काढून टाकलं, तर गुमान बँक."

माझ्या जोडीला बुधा होता. बुधा वारली समाजातला, डहाणूकडचा. त्यामुळे कंपनीत येणारा प्रत्येक पाहुणा त्याला भिंतीवर तारपा नाच काढायला सांगायचा. "मला चित्रा नाय येत," बुधा सांगायचा, "मी टाक्या रंगवतो." पाहुणे त्याच्या विनम्रतेवर खूश होऊन जायचे.

पहिलं काम पाण्याच्या पाइपचं. फॅक्टरीत पाइपचा रंग म्हणजे पाइपचं नाव असतं. पाणी हिरवं, गॅस पिवळा, अ‍ॅसिड जांभळं. पाइप जायचा थेट कॅन्टीनच्या कूलरला. मी दिवसभर एकसारखा हिरवा दिला आणि संध्याकाळी लांब उभी राहून पाहिलं. इतकं सपाट काम मी पहिल्या वर्षालाही केलं नव्हतं. आमच्या सरांनी चार वर्षं एकच गोष्ट डोक्यात घातली होती: सावली कधी काळी नसते, सावली जांभळी असते. मी पाइपच्या खालच्या अंगाने जांभळ्याचा एक लांब, मऊ हात फिरवला.

"काय करतेस?" बुधाने विचारलं.

"पाइप गोल दिसायला हवा."

"गोलच हाय की."

"हो, पण वाटत नाही."

बुधाने पाइप चाचपून पाहिला आणि डबा धुवायला गेला.

सकाळच्या शिफ्टने मात्र ती सावली वाचली. दहा वाजेपर्यंत कूलरला हात लावायचं सगळ्यांनी सोडलं होतं. अकरापर्यंत बातमी पॅकिंगला पोचली होती. "ऊपर पानी है, नीचे तेज़ाब," एक जण सगळ्यांना समजावत होता. ज्यांनी सात वाजता पाणी प्यायलं होतं, ते एका बाकावर बसून एकमेकांच्या जिभा तपासत होते. बुधाही त्यांच्यात होता. त्याने तर जांभळ्याचा डबाही धुतला होता.

सेफ्टी ऑफिसर विश्रामसाहेब धावत आले.

"जांभळा कोणी दिला?"

"जांभळा नाहीये सर. सावली आहे."

"कोणाची?"

"पाइपची."

"पाइपची सावली पाइपवर कशी पडेल?"

"ऊन वरून येतं ना सर."

साहेबांनी वर पाहिलं. वर पत्रा होता. "ऑडिटर गेटवर आल्यात," ते म्हणाले, "आणि तू आत ऊन आणतेस? धर्मेश, हिचा गेटपास काढून घे!"

धर्मेशभाईंनी हात पुढे केला. मी गळ्यातला पास काढत म्हटलं, "मी पिऊन दाखवते." गर्दीतून आवाज आला, "तुझा काय भरवसा, तूच रंगवलास!" साहेबांकडे सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनी फाइलकडे पाहिलं.

तेवढ्यात बाबा पुढे आले. ग्लास भरला आणि गटागटा प्यायले. "माझ्या पोरीची सावली हाय ती," ते म्हणाले. "पाणीच हाय. जरा कोमट हाय."

मग सगळे बाबांना काय होतंय ते बघत उभे राहिले. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर बाबांनी केस सारखे केले.

याच वेळी ऑडिटरबाई आत आल्या. दीडशे तहानलेले कामगार, कूलरपाशी एक माणूस, आणि पूर्ण शांतता.

"हे काय चाललंय?"

"मॉक ड्रिल, मॅडम," विश्रामसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा भिंतीसारखा होता. "पाण्याच्या लाइनला मुद्दाम चुकीचा रंग दिलाय. कामगार ओळखतात का, ते बघतोय."

"आणि ओळखला?"

"सकाळपासून एकानेही पाणी प्यायलेलं नाही."

बाकावरचे पाच जण उठून भिंतीआड गेले. बाई भारावल्या. रंगांविषयी एवढी जागरूकता त्यांनी कुठेच पाहिली नव्हती, असं त्यांनी लेखी दिलं. धर्मेशभाईंनी माझा पास स्वतःच्या हाताने परत माझ्या गळ्यात घातला. "आता दर महिन्याला एक चूक रंगवायची. तू परमनंट!"

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "परमनंट. आता कोण सोडतं व्हय?"

आई भाकरी थापत होती. न वळता म्हणाली, "शब्द माझ्यासमोर दिलाय."

बाबांनी माळ्यावरच्या दोन बॅगा खाली काढल्या. मग बॅग कुठली नेणार, असं विचारलं.

बडोद्याच्या मुलाखतीत तीन प्राध्यापक होते. अलीकडचं काम दाखवा म्हणाले. मी मोबाइलवर त्या सकाळी काढलेला पाइपचा फोटो दाखवला, मागे गर्दी.

"प्रेक्षकांवर काय परिणाम झाला?"

"पाणी प्यायचं सोडलं."

मधल्या बाईंनी चष्मा काढला. "आणि तो मधला, ग्लास घेतलेला माणूस? तो कलाकृतीचा भाग आहे?"

"ते बाबा," मी म्हटलं. "ते स्वतःहून आले."

त्यांनी मला प्रवेश दिला. आता बाबांनाही बोलवा, म्हणतायत.