दुसरा माइक

"दिवा लागला पायजे, आवाज नाई पायजे," खुशालराव म्हणाले आणि पानाची पिचकारी स्टेजच्या कोपऱ्यात टाकली. "दरवर्षीसारखं."

उडालेला लाल थेंब साउंडवाल्या देवमनने आपल्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरवरून बोटाने पुसला आणि बोट पॅन्टला घासलं.

बार्शीटाकळीच्या भाजी उत्पादक संस्थेची वार्षिक सभा अकराला होती. हॉलमध्ये स्पीकर चार, माइक दोन: एक अध्यक्ष खुशालरावांपुढे, दुसरा सभासदांच्या प्रश्नांसाठी. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे मोडचा खटका होता. तो वर असला की दोन्ही इनपुट एकत्र होऊन चारही आउटपुटला जात. खाली केला की फक्त पहिला इनपुट चारही आउटपुटला मिळे आणि दुसरा आतच थांबे. समोरचा हिरवा दिवा मात्र या खटक्याच्या आधी जोडलेला असल्यामुळे दुसऱ्या माइकात कोणी बोललं की लुकलुकत राही.

जुन्या मशीनवरही देवमनने आठ वर्षं सभेत दुसरा माइक असाच बंद ठेवला होता. पहिल्या वर्षी त्याने कारण विचारलं तेव्हा, दोनचार लोक उगाच भांडतात, असं उत्तर मिळालं, आणि संस्थेचे वर्षभराचे सगळे कार्यक्रमही मिळाले. हळूहळू गावात देवमनचं सामान म्हणजे भंगार, हे ठरून गेलं. लग्नांना लोक अकोल्याहून साउंडवाला आणू लागले. ते नाव पुसायला त्याने या दिवाळीत हे मशीन घेतलं होतं. त्याचा पहिला कार्यक्रम हाच.

त्याने खटका खाली केला. खुशालरावांबद्दलची किळस जुनी होती, अंगवळणी पडलेली. आज त्याला स्वतःच्या बोटांकडे पाहवेना.

साडेबाराला जाईबाई उठल्या. त्या मेथी-पालक विकत. संस्थेने भाजीवाल्यांसाठी बांधलेल्या शेडमध्ये खुशालरावांचे टेम्पो उभे असत आणि बाया भाजी घेऊन उन्हात बसत. जाईबाई तीन वर्षांपासून हेच विचारायला उभ्या राहत होत्या. त्या बोलू लागल्या. हिरवा दिवा लुकलुकला. आवाज दोन रांगांपलीकडे गेला नाही.

"देवमनचा डब्बा हाय तो, बाई. बस खाली," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

खुशालरावांनी आपल्या माइकवरून दिलगिरी व्यक्त केली आणि प्रश्न लेखी द्यायला सांगितलं. जाईबाईंना लिहिता येत नाही, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्या ओशाळल्या. आपलीच थुंकी उडून माइक बिघडला असावा, अशा समजुतीने त्यांनी त्याची जाळी पदराने पुसली, दोनदा पुसली, आणि माइक हलकेच खुर्चीवर ठेवला.



खुशालराव आभार मानत होते. देवमनने मशीन बंद केलं. मोड बदलताना वीज बंद हवी, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. खुशालरावांचे ओठ काही क्षण नुसतेच हलले. देवमनने खटका वर केला, मशीन चालू केलं, आतून टक् असा आवाज येऊन मशीन तयार होईपर्यंत थांबला. मग तो खाली उतरला, खुर्चीवरचा माइक उचलून जाईबाईंपुढे धरला.

"बोला जाईबाई. माइक चांगला हाय. आठ साल मीच बंद ठेवून राहिलो होतो."

वाक्य चारही स्पीकरमधून बाहेर पडलं, कुठेही खरखर नव्हती. मागच्या रांगेत कोणीतरी अर्धवट उभं राहिलं. स्टेजवरून खुशालराव हाताने काहीतरी खुणावत होते.

जाईबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माइक त्याच्या हातातून काढून घेतला, त्याच्याकडे पाठ केली आणि शेडचं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

देवमन मधल्या वाटेतच थांबला. त्यांच्या पायात येऊ नये म्हणून माइकची वायर जमिनीपासून वर धरून.