उसवलेला झेंडा

माझी नव्वदी उलटली तरी एका गोष्टीवरून माझं डोकं अजून फिरतं. आमच्या मोओका वस्तीतली, कॉरिंथियन्स या दुसऱ्या फुटबॉल क्लबवाल्यांची पोरं मला बघितलं की मुद्दाम ओरडतात, "एर्सिलिया आजी, पाल्मेइरासकडे वर्ल्डकप नाही!" आमच्या क्लबाचा एक्कावन्न सालचा तो कप त्यांना मान्यच नाही. म्हणे त्याला शिक्का नाही, अमका साहेब हो म्हणाला, तमका नाही म्हणाला. अरे मेल्यांनो, बेलग्रेड, व्हिएन्ना, लिस्बन, तोरिनो, इतके क्लब समुद्र ओलांडून इथे ब्राझीलला काय शेंगदाणे खायला आले होते? पण जाऊ दे. जगाने तो कप मोजला काय नि नाही मोजला काय, माझं लग्न त्या कपापाशी अडलं होतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची, सूतगिरणीत कामाला. लग्न अठ्ठावीस जुलैला, शनिवारी. नवरामुलगा वाल्देमार, तोही नेमका कॉरिंथियन्सवाला, पण माणूस गरीब स्वभावाचा. सगळं ठरलं होतं आणि काहीच ठरलं नव्हतं. कारण अंगणाच्या या बाजूला आम्ही राहायचो, मी आणि माझे पापा, ओत्ताव्हियो. त्या बाजूला पापांचे धाकटे भाऊ, गाउदेन्सियो काका, धंद्याने शिंपी. मधे एक नळ आणि एक लिंबाचं झाड. आणि नऊ वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"तो लग्नाला आला तर मी येणार नाही," पापांनी मला तोंडावर सांगितलं होतं. "तुझा हात धरून चर्चमध्ये न्यायला दुसरा कोणी बघ."

"माझा पोशाख त्यांनीच शिवलाय, पापा."

"मी कुठला पोशाख बघितलेला नाही."

असं ते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पापा टोप्यांच्या कारखान्यातून येईपर्यंत मी काकांच्याच मशीनखाली बसून मोठी झाले. एकाला सोडून दुसऱ्याबरोबर मी चर्चची पायरी कशी चढणार होते? रात्रंदिवस माझा जीव टांगणीला लागलेला.

भांडण बेचाळीस सालचं. ब्राझील युद्धात उतरलं आणि आम्ही इटलीवाले एका दिवसात शत्रू ठरलो. रस्त्यात आपली भाषा बोलायची बंदी. आमच्या क्लबाचं नाव तेव्हा पालेस्त्रा इतालिया होतं, ते टाकून पाल्मेइरास करावं लागलं. ट्रामच्या थांब्यावर कुणीतरी पापांच्या पायावर पाय दिला, पापांनी इटालियनमध्ये सणसणीत शिवी हासडली, आणि त्या शिवीपायी तीन महिने आत गेले.

आमच्या घरी एक झेंडा होता. हिरवा, माझ्या आईच्या हातचा. त्यावर तिने पांढऱ्या रेशमाने क्लबाचं तेच जुनं नाव भरलेलं, एकेक अक्षर वीतभर. पापा आत असताना पोलीस घराघरांत शिरून झडत्या घ्यायला लागले. पलीकडच्या गल्लीतल्या एकाला नुसत्या भिंतीवरच्या इटलीच्या फोटोपायी उचललं. काकांनी भर दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि सगळी अक्षरं उसवून काढली. दुसऱ्याच दिवशी पोलीस आले, झेंडा उलटापालटा केला, आणि पलंगावर फेकून गेले.

पापा सुटून आले. झेंडा उलगडला. "माझ्या बायकोचा हात उसवलास तू," एवढंच म्हणाले. ते दोघांमधलं शेवटचं वाक्य.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगते. त्या दुपारी कापड ताणून धरलं होतं ते मी. तेरा वर्षांची होते. काका म्हणाले, "घट्ट धर गं, नाहीतर कापड फाटेल." नऊ वर्षांत काकांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मला सांगायचा धीर झाला नाही. पापा काकांवर दात-ओठ खायचे तेव्हा मी मान खाली घालून बटाटे सोलत बसायचे.

पापांची आणखी एक तऱ्हा होती. अख्ख्या अंगणात रेडिओ एकच, आमचा. सामना असला की पापा तो उचलून खिडकीत ठेवायचे, तोंड अंगणाकडे करून, आणि आवाज पार शेवटपर्यंत पिळायचे.

"जुलैची थंडी आहे, पापा, खिडकी लावा ना!"

"मला गुदमरतं."

दरवेळी गुदमरायचं. आणि दरवेळी समोर काकांचं मशीन थांबायचं. मी मूर्ख, मला वाटायचं पापा काकांना जळवायला हे करतात.

तर तो कप सुरू झाला. आठ जुलैला आमच्याच शहरात इटलीतल्या तोरिनोच्या युव्हेंटस क्लबाने पाल्मेइरासला चार-शून्य धुतलं. सगळी मोओका सुतक आल्यासारखी बसली, आणि आमचे पापा हात चोळत घरभर फिरतायत.

"बघितलंस? माझं गाव! तोरिनो!"

सहा वर्षांचे असताना ते गाव सोडलेलं. गावाचं आठवत काय होतं, तर एक पूल आणि एक चावरं कुत्रं.

"पापा, लाज वाटू द्या. लोक काय म्हणतील?"

"नाव टाकलेल्या क्लबाशी माझा काही संबंध नाही. कप तोरिनोलाच जाणार. लिहून ठेव."

पुढे दोघेही अंतिम फेरीत. रिओला दोन सामने, बुधवारी आणि रविवारी, दोन्हींचे गोल मिळून निकाल. गल्लीत कुणी पापांशी धड बोलेना. वाल्देमार तेवढा दात काढत म्हणाला, "सासरेबुवा, या खेपेला तुम्ही आणि मी एकाच पक्षात." पापांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो कॉफी अर्धी टाकून घरी गेला.

मी मग शेवटचा उपाय केला. स्वयंपाकघरात आमचा संत अंतोनियो होता, हातभर उंचीचा, नाकाचा टवका उडालेला. त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला, कारण काम होईपर्यंत या संताला असंच शिक्षेत ठेवायचं असतं. आणि नवस बोलले. दुसऱ्याच्या नावानेही नवस बोलता येतो आमच्यात. आई बोलते आणि फेडायचा पोराने, आणि फेडला नाही तर कोप पोरावर. मी म्हटलं, "बाबा रे, पाल्मेइरासने कप जिंकला तर माझे पापा अंगण ओलांडून काकांच्या दारात जातील आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने लग्नाला बोलावतील." पापांना मात्र काही सांगितलं नाही. आधी जिंकू तर दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर संत तोंड इकडे करून उभा! मी पुन्हा भिंतीकडे वळवला. संध्याकाळी परत इकडे.

"पापा, अंतोनियोला हात कोण लावतंय?"

"देवमाणसाला पाठ करून उभं करतेस, कार्टे? थोडी तरी चाड ठेव."

मी वळवायची, ते फिरवायचे. त्या आठवड्यात बिचाऱ्या संताला चक्कर आली असेल.

बुधवारी पाल्मेइरास एक-शून्यने जिंकली. गल्लीत फटाके, बायका खिडक्यांतून डबे बडवतायत. आणि पापांनी रेडिओ बंद केला आणि खुर्चीची पाठ अशी गच्च धरून उभे राहिले, की मला वाटलं यांना घेरी येतेय. त्यानंतर चार दिवस त्यांना चैन नाही. जेवायला बसायचे, उठायचे. नळावर तोंड धुवायला जायचे आणि कोरड्याच तोंडाने परत यायचे. दाढी करताना गाल कापून घेतला. एकदा तर काकांच्या दाराच्या दिशेने चार पावलं गेले, लिंबाच्या झाडाला हात लावला आणि मागे फिरले. मी तापले. परक्या क्लबापायी एवढा जीव जाळायचा? आणि पोटची पोर लग्नापायी मरतेय ती दिसत नाही?

मीही काही धड नव्हते. गिरणीत धागा तुटला की मी रडायचे. मागच्याच वर्षी त्याच रिओच्या मैदानात उरुग्वेने सगळ्या देशाला कसं रडवलं होतं ते सारखं आठवायचं.

रविवार उजाडला. खिडकी उघडी, रेडिओ खिडकीत, समोर काकांचं दार उघडं, काका उंबऱ्यात स्टुलावर. तोरिनोने पहिला गोल केला. पापांनी डोळे मिटून क्रूस केला. आमचा गोल झाला आणि मी किंचाळले. तोरिनोचा दुसरा, आणि मी मटकन खाली बसले. पापा खिडकीला चिकटून उभे, ओठ हलतायत. "अजून एक मार, अजून एक मार." मला त्यांचा असा राग आला की हातातली परात त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

आणि मग आमचा दुसरा. दोन-दोन. बुधवारच्या एका गोलावर कप आमचा.

शिट्टी झाली तशी गल्ली फुटली. घंटा, भोंगे, रडारड. पापा तेवढे खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाले, "संपलं."

माझं डोकंच सणकलं. "काय संपलं? एका क्लबासाठी रडताय? माझा शनिवार संपला त्याचं काही नाही?"

"मूर्ख पोरी," पापा तोंड झाकूनच म्हणाले, "तुझ्याच शनिवारासाठी रडतोय. मी अंतोनियोला बोललो होतो. तोरिनो जिंकलं, तर गाउदेन्सियोच्या दारात जाईन. लग्नाला बोलावीन."

"तोरिनो? तोरिनो का पण?"

"चार-शून्य मारलं होतं गं त्यांनी! मला वाटलं, हे नक्कीच जिंकणार. मला कारण हवं होतं. असाच कसा जाऊ? नऊ वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ?"

म्हणून संताचं तोंड फिरवत होते! पाठमोऱ्या देवाला नवस कसा बोलणार? मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसताच रडू. मी त्यांच्या पायाशी बसले.

"पापा, नवस तुम्हाला फेडावाच लागणार आहे. मी बोललेय तुमच्या नावाने. पाल्मेइरास जिंकली तर जाल म्हणून. नाही गेलात तर कोप तुमच्यावर."

त्यांनी तोंडावरचे हात काढले. "माझ्या नावाने? मला न विचारता?"

"हो. आणि अजून एक." आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. "त्या दिवशी झेंडा काकांनी एकट्यांनी नाही उसवला. कापड मी धरलं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. नऊ वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाशी अबोला धरलाय."

बाहेर नुसता दणदणाट. पापा उठले, पलंगाखालची पेटी ओढली आणि झेंडा काढला. उजेडात धरला. अक्षरं नव्हती, पण सुईची भोकं जशीच्या तशी होती, आईच्या वळणाची. बोट फिरवलं तर वाचता येत होती. पापांनी बोट फिरवलं.

"फाटलं नाही कुठे," ते म्हणाले.

"मी घट्ट धरलं होतं."

त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, झेंडा खांद्यावर टाकला आणि अंगणात उतरले. मी खिडकीतच थांबले. काका त्यांना येताना बघून स्टुलावरून उठले, आत जावं की उभं राहावं त्यांना कळेना. पापा नळाजवळून, लिंबाखालून थेट दारापर्यंत गेले. एवढा नवस बोललेला माणूस, आणि आता एक शब्द फुटेना. ते सुईच्या नेढ्यात दोरा घालायला लागले. एकदा घातला, चुकला. दोनदा. तीनदा.

मग सुई आणि दोरा दोन्ही भावापुढे धरून म्हणाले, "ओवून दे. मला दिसत नाही."

काकांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पण त्यांनाही ओवता येईना, डोळे वाहत होते ना. शेवटी मीच गेले अंगण ओलांडून आणि सुई ओवली. दोघांनी कापड ताणून धरलं.